आंब्याच्या बागेतली मुलं आणि त्यांच्या दोन भाषा: शिक्षक, बागायतदार आणि पालकांसाठी

दसैं-तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, आटोपून नेपाळी कुटुंबं राखणीला देवगड-रत्नागिरीच्या बागांत येतात, ती पार शेवटची पेटी जाईपर्यंत, म्हणजे मे अखेरपर्यंत राहतात. चिरेखाणींवर विजापूरकडची माणसं, बांधकामावर बिहार-उत्तर प्रदेशातली. पूर्वी राखणदार बहुतेक एकटा यायचा. आता बायकोमुलं बरोबर असतात, आणि नोव्हेंबरात जिल्हा परिषदेच्या शाळेत एक-दोन नवी तोंडं येऊन बसतात. गुरुजी किंवा बाई पालकांना पहिला सल्ला देतात तो हा: "घरी मराठी बोलत जा हो, म्हणजे पोर लवकर शिकेल."

सल्ला मनापासूनचा असतो, पण चुकीचा असतो. त्या आईचं मराठी म्हणजे फवारणी, पेटी, मजुरी, उद्या, किती रुपये, एवढंच. एवढ्या शब्दांत गोष्ट सांगता येत नाही, समजूत घालता येत नाही, धड रागावताही येत नाही. मुलाच्या कानावर दिवसाला तासभर अर्धंमुर्धं मराठी पडतं आणि त्याच वेळी घरातली भरघोस भाषा बंद होते. त्याचं मराठी यामुळे सुधारत नाही, उलट आईबापांशी असलेलं बोलणं तुटतं. म्हणून कामाची वाटणी सरळ ठेवावी. मराठी शाळेतून आणि मैदानातून यावं, घरची भाषा घरातून. या दोन्हींसाठी काय करायचं ते पुढे आहे.

आधी घरी काय बोलतात ते विचारा

"कुठले तुम्ही?" या प्रश्नाच्या उत्तरावरून भाषा ठरवू नका. नेपाळचा म्हणजे नेपाळीच बोलणारा असं नाही. पश्चिम तराईतलं कुटुंब असेल तर घरात थारू असू शकते, सुदूर पश्चिमेच्या डोंगरातलं असेल तर डोटेली. विजापूरकडचं कुटुंब कन्नड बोलत असेल किंवा लमाणी. बिहारचं भोजपुरी किंवा मैथिली. यातले बरेचजण विचारल्यावर "हिंदी" म्हणून मोकळे होतात, कारण समोरच्याला तेवढंच कळेल असं त्यांना वाटतं.

म्हणून भाषेचं नाव विचारण्याऐवजी प्रसंग विचारा. आजीशी फोनवर कोण काय बोलतं? आईवडील आपसात? मूल पडलं, लागलं, तर कुठल्या भाषेत ओरडतं? भावंडं खेळताना एकमेकांशी काय बोलतात? घरात वाचता कोणाला येतं, आणि कुठल्या लिपीत? उत्तरं एका वहीत तीन ओळींत लिहा: आजीआजोबा, आईबाप, मुलं. भावंडांचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. बाहेरची भाषा घरात शिरते ती बहुधा मोठ्या मुलाच्या दप्तरातून. तो धाकट्याशी मराठीत खेळू लागतो, आणि म्हणूनच धाकट्याची घरची भाषा थोरल्यापेक्षा कच्ची निघते. ही खूण दिसली की समजा, पुढच्या पिढीत भाषा टिकायची शक्यता आताच कमी होऊ लागली आहे.

याच भेटीत मुलाचं नाव नीट विचारून, दोनदा म्हणून घ्या. "ए नेपाळी", "ए बहादूर" अशी हाक वर्गात एकदा रूढ झाली की ती मोडायला वर्ष जातं.

प्रवेशाचं थोडक्यात: २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गातच बसवायचं असतं. भाषा येत नाही म्हणून दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत घालणं नियमात बसत नाही आणि शहाणपणाचंही नाही. सहा वर्षांच्या पोरांत बसलेलं दहा वर्षांचं मूल खेळायला जोडीदार नसल्यामुळे बोलायलाच शिकत नाही.

पहिले सहा आठवडे

सुरुवातीला बरीच मुलं गप्प असतात, काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही. ती ऐकत असतात. या काळात बोलायची सक्ती केली तर गप्पपणा लांबतो. त्यापेक्षा कृतीतून उत्तर घ्या: ऊठ, दार लाव, लाल खडू दे, मोठं पान कुठलं ते दाखव. दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी २० मिनिटं. नवे शब्द दिवसाला ८ ते १०, त्यातले निम्मे तरी क्रियापदं असावीत. नुसत्या नामांच्या चित्रतक्त्यांनी वाक्य तयार होत नाही. हा सगळ्यात सर्रास दिसणारा दोष आहे: मुलाला चाळीस फळं-भाज्या येतात आणि "मला लघवीला जायचंय" येत नाही.

पहिल्याच आठवड्यात द्यायची वाक्यं अशी: मला समजलं नाही. परत सांगा. माझं झालं. मला दुखतंय. पाणी पिऊन येऊ? हे कुणाचं आहे? मी पण खेळू? शेवटचं वाक्य बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मराठी शिकवतं.

शेजारी बसवायला वर्गातला हुशार मुलगा निवडू नका, बडबडा निवडा. हुशार मूल उत्तर सांगून टाकतं, बडबडं मूल गप्पा मारत राहतं.

मैदानावर मूल जे उचलेल ते पुस्तकी मराठी नसेल. देवगडात ते "माका", "खंय", "हंयसर" म्हणणार, संगमेश्वराकडे गेलं तर तिकडची बोली. हे चुकीचं मराठी नाही आणि सुधारायचं कारण नाही. गावात मिसळायची भाषा तीच आहे. वर्गात फक्त जोड्या लावून द्या: माका–मला, खंय–कुठे, हंयसर–इथे. गावातल्या मुलांनाही प्रमाण मराठी शिकायला याच जोड्या उपयोगी पडतात, त्यामुळे तास सगळ्या वर्गाचा घ्यावा.

कुठली चूक कुठून येते

नेपाळी मुलाला देवनागरी आधीपासून येत असेल तर वाचन झपाट्याने येतं, आणि तिथेच फसगत होते. ते वाचतं म्हणजे त्याला कळतं असं नव्हे. नेपाळी बोलण्यात श आणि स यांत फरक राहत नाही आणि ळ नाहीच. त्यामुळे "शाळा" म्हणताना तोंडातून "साला" निघतं. वर्ग खो खो हसतो आणि पोर महिनाभर तोंड उघडत नाही. हा एक शब्द पहिल्याच दिवशी, एकट्याने, वर्गाबाहेर करून घ्या. नंतर ल-ळ च्या जोड्या: वेल–वेळ, मूल–मूळ, काल–काळ. आधी फक्त ऐकून चित्राकडे बोट दाखवायचं, म्हणायचं नंतर. कानाला फरक कळल्याशिवाय जीभ वळत नाही.

च चं वेगळंच. मराठीत "चार" या आकड्यातला च आणि "चारा" मधला च वेगळे, लिहिताना मात्र एकच. नेपाळीतला च दंतमूळाजवळचा, आपल्या "चारा"च्या जवळ जाणारा आहे, म्हणून आकडा म्हणताना मूल अडखळतं. "चार गुरं चार" हे एक वाक्य सरावाला पुरतं.

काही शब्द दोन्हीकडे आहेत आणि अर्थ निराळे. नेपाळीत घाम म्हणजे ऊन, मासु म्हणजे मांस, मीठो म्हणजे चवदार. पोषण आहाराच्या वेळी "मीठो" ऐकून कुणी भातावर मीठ वाढलं तर दोष कोणाचाच नाही. अशा शब्दांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावा. थोडेच आहेत, पण गोंधळ याच शब्दांनी होतो.

कन्नड बोलणाऱ्या मुलांना ळ आणि ण यांचा काही त्रास नाही. त्यांचं अडतं ते महाप्राणावर, म्हणजे भ, घ अशा जोरात श्वास सोडून म्हणायच्या अक्षरांवर: भात चं बात, घाट चं गाट. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. भ म्हणताना ती हलली पाहिजे, ब म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. दिवसाला पाच मिनिटं, दोन आठवडे. शब्दाच्या शेवटी उ लावायची सवय आपोआप जाते, तिच्या मागे लागू नका.

सगळ्यांचं अडतं ते लिंगावर. नेपाळी आणि भोजपुरीत निर्जीव वस्तूंना लिंगाचा फारसा जाच नाही, कन्नडात वस्तू सगळ्या नपुंसक. हिंदीची सवय असलेल्यांना दोनच लिंगं ठाऊक. नियम पाठ करून हे येत नाही. तीन रंगांचे खडू घ्या आणि बागेतलेच शब्द लिहा: तो आंबा, तो मोहर, तो झेला, ती पेटी, ती फांदी, ती कोय, ते कलम, ते पान, ते गवत. शब्द सुटा कधीच लिहायचा नाही, नेहमी "माझा, माझी, माझं" लावून. रोज सहा शब्द, आणि जुने सहा पुन्हा.

त्यानंतरची ठरलेली चूक: "मी आंबा खाल्लो." नेपाळी, भोजपुरी, कन्नडमध्ये असं क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे चालतं, मराठीत खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. इथे "चूक!" म्हणून थांबवू नका. "हो? तू आंबा खाल्लास? आणि कैरी पण खाल्लीस?" असं बरोबर रूप परत ऐकवा आणि गप्पा पुढे न्या. हे यायला दुसरा हंगाम उजाडतो, घाई करून उपयोग नाही. "आम्ही" आणि "आपण" यांतला फरकही असाच उशिरा येतो. तोवर "आम्ही खेळूया" ऐकून घ्यावं.

आकड्यांत मराठीसारखी छळवादी भाषा थोडीच असेल. एकोणचाळीस, एकोणपन्नास हे कन्नड मुलाला चक्रावून टाकतं, कारण त्याच्या भाषेत तीस-नऊ अशी सरळ रचना आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मराठी घरातल्या मुलांसाठी तिची किती गरज होती यावर वाद घाला हवा तर, पण परभाषक मुलाला आधी "तीस नऊ" आणि महिन्या-दोन महिन्यांनी "एकोणचाळीस" असं नेलं तर त्याचं गणित भाषेपायी मागे पडत नाही.

बोलता येतं म्हणजे अभ्यास येतो, हा गैरसमज

दुसऱ्या वर्षी मूल फडाफडा मालवणी बोलू लागतं आणि शिक्षक निर्धास्त होतात. मग चौथीत शाब्दिक उदाहरणं आली की ते कोसळतं आणि शेरा पडतो, "लक्ष नाही." कॅनडातल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासावरून भाषाअभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास हा फरक मांडला: रोजच्या बोलण्यातली सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. कोकणातलं मूल वर्षातले सहा-सात महिनेच इथे असतं, म्हणजे त्याला याहून जास्तच लागणार.

यावर उपाय म्हणजे समज आणि शब्द वेगवेगळे तपासायचे. अपूर्णांक कळला का हे कागदाच्या घड्या घालायला लावून बघा. उदाहरणातला मजकूर आधी कृतीत करून दाखवा: पाच डझनांची पेटी, त्यातले सात आंबे डागी, उरले किती? मूल घरच्या भाषेत मोठ्याने विचार करत असेल तर करू द्या. ज्याला एखादी गोष्ट आपल्या भाषेत कळली आहे त्याला मराठीत फक्त तिचं नाव शिकायचं राहतं.

भाषा कशाने टिकते: किनाऱ्यावरचेच दाखले

या पट्टीवर बाहेरून येणं आणि इथून जाणं दोन्ही जुनं आहे, आणि दोन्हींतून शिकण्यासारखं आहे.

अलिबागजवळ नवगावच्या आसपास वसलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने भाषा पूर्ण मराठी केली, गावांवरून रोहेकर, पेणकर अशी आडनावं घेतली, तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी झाली तरी शनिवार, खाणंपिणं आणि प्रार्थनेतली हिब्रू यांच्या जोरावर वेगळेपण राहिलं. १९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले आणि तिथे नातवंडं हिब्रू बोलू लागली तेव्हा मराठीवर तीच पाळी आली.

उलट उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या, चौलजवळच्या कोर्लई गावाचं. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडलं, पण त्यांच्या भाषेपासून तयार झालेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पुढे अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली. क्रियापद शेवटी टाकण्याची मराठीची धाटणीही तिने उचलली. ना राज्य, ना शाळा, ना पुस्तकं. चूल, चर्च, आपसातली लग्नं आणि खाडीपलीकडचा एकाकीपणा यांवर ती तगली. आता शाळा आणि नोकरी मराठीत असल्यामुळे घरांतही मराठी शिरतं आहे.

मॉरिशसला १८३४ नंतर मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातली पुष्कळ माणसं होती. तिथे त्यांच्या वंशजांत गणपती बसतो, आरत्या होतात, शाळेत मराठी हा विषयही घेता येतो, पण घरातलं बोलणं क्रेओल झालं. आणि रत्नागिरीची चित्पावनी? बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाल्यावर जी घरं पुण्याकडे गेली त्यांची बोली प्रमाण मराठीत विरली. गोवा आणि दक्षिण कर्नाटकाकडे गेलेल्या घरांत ती अजून ऐकू येते. प्रतिष्ठेच्या जागी गेलेल्यांची भाषा आधी गेली.

यावरून आपल्याला वापरायला एक तपासणी मिळते. भाषेच्या चार जागा पाहा: मोठ्यांचं घरातलं बोलणं, मुलांचं आपसातलं बोलणं, देवधर्म, आणि शाळा-लेखन. फक्त शेवटच्या दोन उरल्या तर भाषा समारंभाची होते, तोंडात राहत नाही. पहिल्या दोन भक्कम असतील तर शाळेशिवायही ती पिढ्यान्‌पिढ्या जाते. म्हणून हाताशी आठवड्याला एकच तास असेल तर तो लिपीच्या वर्गावर घालवू नका, मुलांच्या खेळावर घालवा.

घरची भाषा: पालकांनी काय करायचं

रविवारी जवळच्या तीन-चार बागांतली मुलं दीड तास एकत्र आणा, लहानमोठी मिसळून. बागायतदाराने एवढी मोकळीक आणि सावलीची जागा दिली की पुरे. नेपाळी डन्डीबियो म्हणजे आपला विटीदांडूच, कन्नडमध्ये तोच चिन्नीदांडू. गावातल्या पोरांनाही बोलवा, पण अट एक: त्या दिवशी गुण पाहुण्यांच्या भाषेत मोजायचे. वीसेक परके शब्द आपल्या पोरांनाही येतील. १९९२ मध्ये कोकणी आणि नेपाळी या दोन भाषा एकाच घटनादुरुस्तीने आठव्या परिशिष्टात आल्या, एवढा शेजार आहेच.

घरात "आई एक भाषा बोलेल, बाबा दुसरी" ही पुस्तकी पद्धत इथे लागू नाही, दोघांची भाषा एकच असते. त्याऐवजी वेळ ठरवा: रात्रीचं जेवण आणि झोपताना फक्त घरची भाषा, रोज अर्धा तास. गावाकडच्या आजीला आठवड्यातून दोनदा फोन, आणि बोलायचं मुलाने. "कसा आहेस, बरा आहे" वर फोन संपतो, म्हणून आजीने काहीतरी विचारायचं ठरवून ठेवावं: आज काय रांधलं, कसं रांधलं, सगळं सांग.

मूल मराठीत उत्तर देऊ लागेल, हे ठरलेलं आहे. तेव्हा पालक रागावतात किंवा स्वतः मराठीवर येतात, दोन्ही नको. त्याचंच वाक्य आपल्या भाषेत परत म्हणायचं आणि आपल्याच भाषेत पुढचा प्रश्न विचारायचा. "आपली भाषा बोल!" असं दटावलं की ती भाषा शिक्षेची होते.

लिपीचं ओझं कमीत कमी ठेवा. नेपाळी देवनागरीतच आहे, त्यामुळे मराठी वाचता येणाऱ्याला नेपाळी वाचन महिनाभरात जमतं. कन्नड लिपी मात्र वेगळी. आठवड्याला तीन अक्षरं, आणि तीही मराठी वाचन स्थिर झाल्यावर. दोन्ही लिप्या एकाच वेळी सुरू केल्या तर दोन्ही कच्च्या राहतात. लमाणीसाठी देवनागरीत लिहिलं तरी चालतं.

आणि मुलाला घरचा दुभाषी करू नका. उसनवारी, मजुरीचा हिशेब, आरोग्य केंद्रात आईच्या बाळंतपणाचं बोलणं, यांत दहा वर्षांच्या मुलीला मध्ये घालतात. तिला अर्धे शब्द कळत नाहीत, डॉक्टरला चुकीची माहिती जाते, आणि घरात आईबापांचा शब्द खाली पडतो. अशा वेळी त्याच भाषेचा मोठा माणूस फोनवर घ्यावा. आईबापांनी स्वतःपुरतं मराठी शिकावं ते मुलाकडून नको, बचत गटात किंवा शेजारणीकडून: दुखणं, औषधाच्या वेळा, पैसे, शाळा, या चार विषयांची प्रत्येकी दहा वाक्यं.

मुंबईत वाढलेल्या नातवंडांना मालवणी यावी असं वाटणाऱ्या चाकरमान्यांनाही हेच लागू. गणपतीच्या पाच-सात दिवसांत ती येत नाही. मे महिन्यात पोरांना गावच्या पोरांत सोडा आणि स्वतः त्यांच्याशी मराठीवर येऊ नका.

मे महिन्यातली तयारी

कुटुंब परत निघायच्या पंधरा दिवस आधी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण पुढे चालू ठेवता यावं म्हणून द्यायचं कार्ड) भरून द्या. नेपाळच्या शाळेत ते चालेलच असं नाही, पण पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात गेले तर उपयोगी पडतं. त्याच्या जोडीला एक पातळ वही द्या: कुठला धडा झाला, गणितात काय येतं, कुठले शब्द पक्के, कुठले कच्चे. "प्रगती समाधानकारक" असं लिहिलेल्या वहीचा पुढच्या शिक्षकाला काडीचा उपयोग नसतो. "हातच्याची वजाबाकी येते, भागाकार नाही, ल-ळ ऐकून ओळखतो, बोलताना चुकतो" असं लिहा.

जून ते ऑक्टोबर मराठी कानावर पडणार नाही. बडबड्या जोडीदाराकडून आठवड्याला दोन, मिनिट-मिनिटाचे आवाजी संदेश पालकांच्या फोनवर पाठवायची व्यवस्था करा. मूल नोव्हेंबरात परत आलं की पहिला आठवडा नवीन काही शिकवू नका. ऐकून करायच्या कृती, मग बागेतले तीन रंगांतले शब्द, मग वहीतलं शेवटचं पान, या क्रमाने जा. ऐकून समजणं बहुतेक टिकलेलं असतं, बोलणं दहा-पंधरा दिवसांत परत येतं, लिहिण्याला महिना द्यावा लागतो.